म्हाताऱ्या कुत्र्याचे ओले गोणपाट

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या शिरगावसारख्या गावात कुत्रा घरचा असतो, पण घराच्या आत क्वचितच असतो. त्याची जागा पडवीत, अंगणात, नाहीतर गोठ्याच्या कडेला. अंथरूण म्हणजे एखादे जुने गोणपाट. अनेक वर्षे राखण केल्यावर एके सकाळी ते गोणपाट ओले सापडते. चार दिवसांनी पुन्हा, आणि मग रोजच. घरातली माणसे म्हणतात, ‘वय झाले त्याचे’, आणि विषय तिथेच मिटतो. पुढचे टप्पेही बहुधा ठरलेले असतात: पडवीतून अंगणात, अंगणातून परसात, आणि वास सोसेनासा झाला की कुंपणाबाहेर. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की ‘वय झाले’ हे निदान नव्हे. लघवीवरचा ताबा सुटणे हे लक्षण आहे. त्यामागे किमान पाच-सहा वेगवेगळी कारणे असू शकतात. त्यांतली काही पूर्ण बरी होतात, बरीचशी आटोक्यात राहतात, आणि जी बरी होत नाहीत त्यांच्यासोबतही कुत्र्याला कोरडे आणि वेदनेविना जगता येते. म्हणून तपासणी आधी आणि निर्णय नंतर, हा क्रम पाळला गेला पाहिजे. आज तो बहुतेक घरांत उलटा पाळला जातो.

हा प्रश्न गोव्यात आत्ताच का मांडावा, याला कारण आहे. कुत्र्यांच्या बाबतीत या छोट्या राज्याने गेल्या दशकात जे केले ते देशात क्वचितच कुठे झाले आहे. राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून घरोघरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचली; वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांचे लसीकरण झाले, शाळांतून मुलांना शिकवले गेले, संशयित कुत्र्यांवर पाळत ठेवली गेली. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अहवालानुसार कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. याच्याच जोडीने नसबंदीची कामेही वाढली. जो कुत्रा लस टोचलेला आहे, ज्याची नसबंदी झाली आहे आणि ज्याला कुणीतरी रोज खाऊ घालते, तो म्हातारा होण्याइतका जगण्याची शक्यता वाढते. म्हणजे कुत्र्याचे म्हातारपण हे आपण केलेल्या चांगल्या कामाचेच फळ आहे. लस देताना आपण त्याची जबाबदारी सार्वजनिक मानली. म्हातारपण आले की ती एकट्या घराच्या सोशिकतेवर सोडून देणे सुसंगत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय संघटनेच्या व्याख्येनुसार अपेक्षित आयुष्याचा शेवटचा चतुर्थांश म्हणजे वार्धक्य. मोठ्या जातींत ते सात-आठ वर्षांतच सुरू होते, तर आपल्या गावठी कुत्र्यात बरेच उशिरा. त्या शेवटच्या चतुर्थांशाचा विचार आपल्याकडे अजून सुरूच झालेला नाही.

पहिले काम वेगवेगळ्या गोष्टी वेगळ्या ओळखण्याचे. ओली जमीन दिसली की सगळ्याला एकच नाव दिले जाते, पण ती कशी ओली झाली यातच अर्धे निदान असते. कुत्रा झोपलेला असताना त्याच्या नकळत लघवी गळते, उठल्यावर अंथरुणावर ओला डाग आणि मागचे केस भिजलेले दिसतात, मात्र जागेपणी तो नेहमीसारखा बाहेर जाऊन करतो: हे ताबा सुटण्याचे खरे रूप. कुत्रा जागा आहे, उभा राहतो, वाकतो आणि पडवीतच मोठे थारोळे करतो: इथे ताबा शाबूत आहे, पण एकतर लघवी फार तयार होते आहे, किंवा बाहेर जाणे त्याला जमत नाही, किंवा बाहेर कुठे जायचे हेच तो विसरला आहे. वारंवार बसतो, कुंथतो आणि थेंब-थेंब होते: ही जळजळ किंवा अडथळा. नर कुत्रा कुंथूनही लघवी करू शकत नसेल तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, दवाखाना गाठायचा असतो. तुंबलेले मूत्राशय जीव घेऊ शकते. हे सारे पाहायला उपकरण लागत नाही. मोबाईलवर काढलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण आणि आठवडाभर वहीत केलेल्या नोंदी (केव्हा, कुठे, किती, झोपेत की जागेपणी) यांतून पशुवैद्याला जे कळते ते दवाखान्याच्या टेबलावर घाबरून बसलेल्या कुत्र्याकडे पाहून कळत नाही.

पाण्याचा हिशेब ही त्यानंतरची पायरी. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. १०० मिलिलिटरच्या वर गेले की ते आजाराचे चिन्ह मानतात. १५ किलोच्या गावठी कुत्र्यासाठी ही धोक्याची रेषा दीड लिटरवर येते. सकाळी मापून पाणी ठेवले आणि रात्री उरलेले मोजले, की दोन-तीन दिवसांत उत्तर मिळते. फक्त दुसरीकडे कुठे, गुरांच्या टाकीत किंवा तुळशीकडच्या घमेल्यात, तो तोंड घालत नाही ना हे पाहावे लागते. पाणी वाढले असेल तर मूत्रपिंडाचा जुनाट विकार, मधुमेह, अधिवृक्क ग्रंथींचा अतिरेक म्हणजे कुशिंगचा आजार, किंवा चालू असलेली स्टेरॉइडची औषधे यांचा विचार करावा लागतो. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या कुत्रीच्या बाबतीत तर सगळ्यात आधी गर्भाशयातला पू आठवावा: माजानंतर काही आठवड्यांनी तहान वाढते, अन्न सुटते, मागून स्राव येतो, आणि तोच ‘लघवी गळते’ म्हणून नोंदला जातो. स्वीडनमधल्या विमा नोंदींच्या अभ्यासात नसबंदी न झालेल्या कुत्र्यांपैकी जवळपास चौथाई कुत्र्यांना वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत हा आजार झाल्याचे दिसले. इथे गोणपाट बदलत बसणे म्हणजे कुत्री गमावणे. आणि कारण काहीही असो, लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नये. मूत्रपिंड किंवा मधुमेहाच्या रोग्याचे पाणी तोडले तर तो काही दिवसांत कोसळतो.

साधा संसर्ग हे पुढचे कारण, आणि तेच सर्वांत सहज हाताळता येण्याजोगे. लघवीच्या तपासणीत घनता, साखर, प्रथिने, पेशी आणि जंतू पाहिले जातात. सकाळच्या पहिल्या लघवीच्या मधल्या धारेखाली स्वच्छ पसरट भांडे धरले तरी प्राथमिक तपासणीपुरता नमुना मिळतो. जंतू वाढवून पाहायचे असतील तर मात्र पशुवैद्याने सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला नमुनाच विश्वासार्ह. छोट्या दवाखान्यांत अनेकदा तपासणी न करता प्रतिजैविक सुरू होते, चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच होते आणि दुसरे, अधिक तीव्र औषध येते. कुत्र्या-मांजरांच्या संसर्गांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अधूनमधून होणाऱ्या साध्या मूत्राशयदाहाला तीन ते पाच दिवसांचा उपचार पुरेसा असतो, आणि नुसते जंतू सापडले पण त्रास नाही तर सहसा औषध देऊच नये. कोकणपट्टीत याच्याशी जोडून लेप्टोस्पायरोसिस लक्षात ठेवावा लागतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीतून तो कुत्र्याला होतो, मूत्रपिंड आणि यकृत बिघडवतो आणि बाधित कुत्र्याच्या लघवीतून माणसापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून कुत्र्याला या आजाराची लस दरवर्षी द्यावी, लघवी पुसताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. अचानक ताप, उलट्या, कावीळ आणि लघवीत बदल असे एकत्र दिसले तर विलंब करू नये.

झोपेत गळण्याचे कुत्रीमधले सर्वांत परिचित कारण मूत्रमार्गाभोवतीच्या स्नायूंची पकड सैल होणे हे आहे, आणि याचा नसबंदीशी संबंध जोडला जातो. इथे एक आक्षेप समोर येतो: नसबंदीमुळे म्हातारपणी कुत्री गळू लागते, मग सरकारी मोहिमा चुकीच्याच नाहीत का? पुरावा नीट पाहिला तर उत्तर सरळ होकार किंवा नकार असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नसबंदी झालेल्या सुमारे २० टक्के कुत्र्यांमध्ये हा त्रास आढळला. २० किलोच्या वरच्या कुत्र्यांत तो सुमारे ३० टक्के होता, तर त्याहून हलक्या कुत्र्यांत १० टक्क्यांच्या आत. ब्रिटनमधल्या सर्वसाधारण दवाखान्यांच्या नोंदींवर २०१७ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात सगळ्या माद्यांमधले प्रमाण ३ टक्क्यांच्या किंचित वर निघाले. नसबंदी आणि गळती यांच्या नात्यावरच्या अभ्यासांचा २०१२ मध्ये आढावा घेणाऱ्या संशोधकांनी उपलब्ध पुरावा कमकुवत असल्याचे म्हटले. म्हणजे धोका आहे, तो जातीवर आणि वजनावर अवलंबून आहे. आयरिश सेटर, डॉबरमन यांसारख्या जातींत तो जास्त आहे, आणि आपली गावठी कुत्री बहुधा २० किलोच्या खालची असते. याच्या समोर गर्भाशयातला पू, स्तनांच्या गाठी आणि कुणाला नको असलेली पिल्ले ठेवली, तर गावाच्या दृष्टीने नसबंदीचे पारडे जडच राहते. मात्र जी कुत्री आपण सार्वजनिक हितासाठी निर्बीज केली, तिला पुढे त्याचा त्रास झाला तर तिच्या उपचाराची जबाबदारीही सार्वजनिक हिताचाच भाग ठरते. धोका मान्य करायचा आणि त्याची भरपाई नाकारायची, हे न्यायाचे नाही.

या सैलपणावर औषधे आहेत आणि ती बहुतेक कुत्र्यांत चांगली लागू पडतात, ही माहिती घरापर्यंत पोहोचतच नाही. जगभर सर्वाधिक वापरले जाते ते फिनाइलप्रोपॅनोलामाइन. ते मूत्रमार्गाच्या स्नायूंची पकड वाढवते, पण रक्तदाबही वाढवू शकते. माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांतून ते मेंदूतल्या रक्तस्रावाच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००० मध्ये बाजूला केले गेले, आणि भारत सरकारनेही २०११ मध्ये त्याच्यावर बंदीची अधिसूचना काढली. त्यामुळे ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मागण्याची वस्तू नव्हे. मिळवायचे तर पशुवैद्यामार्फतच, आणि हृदय, मूत्रपिंड, रक्तदाब तपासून. दुसरा मार्ग इस्ट्रिऑल या सौम्य स्त्री-संप्रेरकाचा. कुत्रींसाठी त्याला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. औषधांनी भागले नाही तर मूत्रमार्गाच्या भिंतीत भर घालणारी इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया आहेत, पण त्या मोठ्या शहरांतल्या, तज्ज्ञांच्या हातच्या. इथे वजनाचा मुद्दाही येतो: लठ्ठपणा गळती वाढवतो, आणि आजवर भात आणि उरलेल्या बिस्किटांवर वाढलेल्या कुत्रीचे वजन दोन किलो उतरवणे हा फुकटचा उपचार आहे.

नर कुत्र्याची गोष्ट वेगळी. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नरात प्रोस्टेट ग्रंथी वाढते. त्यामुळे लघवीत रक्त, थेंब-थेंब गळणे आणि शौचाला त्रास, असे सारे एकत्र येते, आणि नसबंदी केल्यावर ती ग्रंथी बहुधा आक्रसते. मूत्राशयातले खडे आणि गाठी याच वयात निघतात आणि सोनोग्राफीत दिसतात. पण अनेक म्हाताऱ्या कुत्र्यांत मूत्राशय निर्दोष असते आणि दोष पाठीत किंवा सांध्यांत असतो. अल्सेशियनसारख्या जातींत कंबरेच्या खालच्या मणक्यांत मज्जातंतू दाबले जातात. मागचे पाय ओढले जातात, शेपटी लुळी पडते, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि भरून वाहू लागते. अशा वेळी पशुवैद्याकडून शिकून घेऊन मूत्राशय हाताने रिकामे करून द्यावे लागते. सांधेदुखीचा कुत्रा तर रोगी वाटतही नाही: त्याला उठायला दुखते, गुळगुळीत लादीवर पाय घसरतात, म्हणून तो थांबतो, थांबतो आणि शेवटी तिथेच करतो. त्याला वेदनाशामक, नखे कापणे, वाटेवर चटई आणि पडवीच्या पायऱ्यांऐवजी एक फळी एवढे दिले की जमीन पुन्हा कोरडी राहू लागते. फक्त घरातल्या डब्यातली माणसांची गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकमुळे कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

मेंदूचे वार्धक्य हे सर्वांत उशिरा ओळखले जाणारे कारण. कॅलिफोर्निया विद्यापीठात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत स्मृतिभ्रंशासारख्या बदलाचे किमान एक लक्षण दिसले. दिशाभ्रम, माणसांशी वागण्यात फरक, रात्री जागणे आणि दिवसा झोपणे, शिकलेली स्वच्छता विसरणे, हालचाल आणि चिंता यांत बदल, अशी ही लक्षणे. कुत्रा अंगणात जाऊन नुसता उभा राहतो, परत येतो आणि पडवीत लघवी करतो, तेव्हा तो खोडसाळपणा करत नाही. बाहेर कशासाठी गेलो होतो हे त्याच्याकडून निसटलेले असते. त्याला रागावले, वर्तमानपत्राची गुंडाळी मारली किंवा ओल्या जागेत नाक घासले, तर तो शिकत तर नाहीच, उलट भीतीने माणसासमोर लघवी करणेच टाळतो आणि आडोशाला जाऊन करतो. ठरावीक वेळी, एकाच वाटेने, एकाच जागी सोबत नेणे, केल्यावर गोंजारणे, रात्री मंद दिवा ठेवणे, हेच इथले मुख्य उपचार. सेलेजिलिन या औषधाला कुत्र्यांच्या या विकारासाठी अमेरिकेत १९९८ पासून मान्यता आहे, पण ते मार्ग दाखवणाऱ्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. शौचावरचा ताबा सुटणे हा प्रकार वेगळा तपासावा लागतो: आतड्यात दाह किंवा जंत असतील तर घाई होते आणि ती बरी होते, मज्जातंतू गेले असतील तर पचायला हलके, चोथा कमी असलेले अन्न आणि ठरावीक वेळा यांवर भर द्यावा लागतो.

कारण सापडले तरी रोजची ओल थांबेलच असे नाही, आणि इथे कोकणाचे हवामान आपले म्हणणे मांडते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. गोणपाट वाळत नाही, केस वाळत नाहीत, माश्या असतात. लघवीने भिजलेली कातडी लाल होते, सोलते, आणि अशा जखमेवर माशीने घातलेली अंडी दिवसभरात अळ्या होतात. कुत्र्याच्या मागच्या भागात किडे पडणे ही इथली सर्वांत भयंकर आणि सर्वांत टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. म्हणून मागचे आणि पोटाचे केस आखूड कापावेत, दिवसातून दोनदा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. लहान मुलांच्या रॅशसाठीची झिंक ऑक्साइडची मलमे लावू नयेत, कारण कुत्रा ती चाटतो आणि झिंक विषारी ठरते. किडे पडले तर रॉकेल किंवा फिनेल ओतू नये, दवाखान्यात न्यावे. अंथरुणासाठी गोणपाटापेक्षा जमिनीपासून चार बोटे वर उचललेली, पाणी खाली झिरपू देणारी बाज किंवा फळ्या बऱ्या. वर जुन्या सुती कपड्यांचे थर, म्हणजे ओला तेवढा काढून धुता येतो. डायपर किंवा नराच्या पोटाला बांधायची पट्टी प्रवासात आणि रात्री उपयोगी पडते, पण ती दर काही तासांनी बदलली नाही तर ओल कातडीला चिकटून राहते आणि नुकसानच करते. फरशी आधी साबणाने आणि मग एन्झाइमचे द्रावण किंवा पातळ व्हिनेगर वापरून पुसावी. अमोनियाचा वास लघवीसारखाच असल्याने ते टाळावे.

या धुण्या-पुसण्याला पाणी लागते, आणि शिरगावात पाणी हा शब्द सहज उच्चारता येत नाही. खाणींचे खंदक भूजलाच्या पातळीखाली गेल्याने आणि त्यांतले पाणी सतत उपसले गेल्याने इथल्या विहिरी आणि झरे आटले. तो वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. ज्या घराला माणसांच्या पाण्याची चिंता आहे, त्याला कुत्र्याच्या अंथरुणासाठी पाणी मोजायला सांगणे कितपत योग्य, असा प्रश्न कुणी विचारला तर तो उडवून लावता येणार नाही. उत्तर असे, की कारण शोधून उपचार केल्याने सर्वांत जास्त वाचते ते पाणी आणि श्रमच. ज्या कुत्रीची गळती औषधाने थांबली, ज्या कुत्र्याची सांधेदुखी कमी झाल्याने तो पुन्हा बाहेर जाऊ लागला, त्यांच्यासाठी रोज धुणे काढावे लागत नाही. निदान न करता सोसत राहणे हाच सर्वांत महाग मार्ग आहे.

दुसरा आक्षेप सोवळ्याचा. शिरगाव हे श्रीलईराई देवीचे स्थान. वैशाखातल्या शुद्ध पंचमीच्या जत्रेत होमकुंडातून चालणारे धोंड त्याआधी काही दिवस कडक व्रत पाळतात. त्यांचे खाणे, स्नान, राहणे सारे वेगळे असते. अशा घरात जागोजागी लघवी करणारा प्राणी कसा चालेल? या भावनेचा अनादर करण्याचे कारण नाही. पण म्हाताऱ्या कुत्र्याला देवघरात किंवा स्वयंपाकघरात घ्या असे कुणी म्हणत नाही. त्याला त्याच्या नेहमीच्या जागी कोरडे ठेवा, एवढेच मागणे आहे. स्वच्छतेचे शिस्तबद्ध नियम रोज पाळू शकणारा समाज ही सेवा उत्तम करू शकेल, कारण तिला लागते ती हीच शिस्त. आणि अशुचीची भीती खरी मानायची तर परसात टाकून दिलेला, भिजलेला, किडे पडलेला कुत्रा रोज धुतलेल्या कुत्र्यापेक्षा घराला आणि गावाला कितीतरी अधिक धोक्याचा असतो. लेप्टोस्पायरोसिसच्या दृष्टीने तर हे शब्दशः खरे आहे. शिवाय पाळीव प्राण्याला भुकेने-तहानेने तळमळेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड, ही रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण कायद्याने रेघ कुठे ओढली आहे ते त्यातून स्पष्ट होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: हे सगळे करणार कोण? घरातले आजारी म्हातारे माणूस, लहान मूल आणि गुरे यांची सेवा ज्यांच्या वाट्याला येते, त्यांच्याच, म्हणजे बहुधा बायकांच्या, वाट्याला कुत्र्याचे ओले कपडेही येतात. प्रेमाच्या नावाखाली हे ओझे त्यांच्यावर टाकणे अन्याय आहे. आजारी पाळीव प्राण्यांच्या मालकांवरील ताणाचा अभ्यास केंट स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांमध्ये ताण, नैराश्याची आणि चिंतेची लक्षणे जास्त आढळली. हा थकवा खरा आहे आणि तो कबूल करणे म्हणजे प्रेम कमी असणे नव्हे. म्हणून सेवेची वाटणी आधी ठरावी: सकाळचे धुणे एकाने, रात्री बाहेर नेणे दुसऱ्याने, दवाखान्याची फेरी आणि खर्च तिसऱ्याने. कुत्र्याने राखण सगळ्या घराची केली आहे. त्याचे म्हातारपण एकाच व्यक्तीच्या अंगावर पडता कामा नये.

शेवटचा प्रश्न मरणाचा. काही लोक म्हणतात, अशा अवस्थेत जिवंत ठेवणे हीच क्रूरता. काही म्हणतात, आपण जीव घ्यायचा नाही, जे व्हायचे ते आपोआप होऊ द्यावे. दोन्ही म्हणण्यांत करुणा आहे आणि दोन्ही एकाच ठिकाणी चुकतात: ती कुत्र्याची अवस्था मोजत नाहीत. अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी सात कसोट्या सुचवल्या आहेत: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे; एकूण पस्तिसाच्या वर असेल तर जीवन सोसण्याजोगे मानायचे. यात ताबा सुटणे ही केवळ स्वच्छतेच्या एका कसोटीपुरती बाब आहे. जो कुत्रा खातो, ओळखतो, शेपटी हलवतो, पण झोपेत गळतो, त्याला मारण्याचे ते कारण होऊ शकत नाही. उलट जो वेदनेने उठत नाही, खात नाही, स्वतःच्या घाणीत पडून कण्हतो आणि उपचारांना दाद देत नाही, त्याला पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण देणे हे ‘आपोआप होऊ द्या’ म्हणण्यापेक्षा अधिक दयेचे आहे. हा निर्णय घराने पशुवैद्याबरोबर घ्यावा, आणि तपासणी झाल्यावरच घ्यावा.

या साऱ्याचा सारांश घरापुरता राहिला तर काम अर्धेच होईल. रेबीजच्या वेळी गोव्याने जे जमवले, म्हणजे गावोगाव जाणारी पथके, शाळांतले धडे, नोंदी, सरकार आणि संस्था यांची भागीदारी, तीच यंत्रणा म्हाताऱ्या कुत्र्यांपर्यंत पोहोचवायला नवा पाया घालावा लागणार नाही. लस टोचायला येणाऱ्या पथकाने आठ वर्षांवरच्या कुत्र्याच्या मालकाला दोन प्रश्न विचारावेत: पाणी जास्त पितो का, अंथरूण ओले होते का? पशुसंवर्धन खात्याच्या तालुक्याच्या दवाखान्यांत लघवीची साधी तपासणी नियमितपणे व्हावी आणि गळतीवरची औषधे पशुवैद्याच्या देखरेखीखाली मिळण्याची सोय असावी. नसबंदी केलेल्या कुत्रींची नोंद ठेवून काही वर्षांनी त्यांची विचारपूस व्हावी. त्यातून गावठी कुत्रीत गळतीचे खरे प्रमाण किती, हा परदेशी आकड्यांवरून अंदाजाने सोडवावा लागणारा प्रश्नही इथल्या पुराव्याने सुटेल. शिरगाव, मये इथल्या पंचायतींनी आणि पेडणे, डिचोली इथल्या नगरपालिकांनी वर्षातून एक शिबिर म्हाताऱ्या प्राण्यांसाठी घ्यावे. या मागण्या मोठ्या नाहीत. ज्या राज्याने कुत्र्याची भीती संपवायला एवढे श्रम घेतले, त्याने त्याच्या म्हातारपणाची लाज संपवायला त्यातले थोडे घ्यावेत, आणि तोवर प्रत्येक घराने ओले गोणपाट दिसल्याच्या दिवशी ‘वय झाले’ म्हणण्याआधी पशुवैद्याला विचारावे.